जन्मतः वेगळे असलेले मूल
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात दर महिन्याला एकीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत असा नियम आहे. कोणी उन्हाळी वाळवणांवर बोलते, कोणी काटकसरीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. माझी पाळी आली आणि मी विषय कळवला, तेव्हा चिटणीसबाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "सभेला लहान मुलीही येतात हो." मी म्हटले, "येऊ द्यात. विषय लहान मुलांचाच आहे." त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई आहे. डॉक्टर नाही, वकील नाही. वाचून, विचारून आणि जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून बोलणार आहे. काही शब्द उघडे येतील, पण ते शरीराचे शब्द आहेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाळ जन्मले की पहिला प्रश्न येतो, "मुलगा की मुलगी?" सुईण, नर्स किंवा डॉक्टर पाहतात आणि सांगतात. पण काही वेळा पाहणारी गप्प होते, कारण बाळाचे अवयव पाहून हा मुलगा की मुलगी हे चटकन सांगता येत नाही. काही मुलांचे वेगळेपण बाहेरून मुळीच दिसत नाही, ते पुढे वयात येताना कळते. अशा व्यक्तींना इंटरसेक्स म्हणतात. मराठीत कोणी आंतरलिंगी म्हणतात. आपल्याकडे जे जुने शब्द आहेत त्यांच्या लोकांनी शिव्या करून टाकल्या आहेत, म्हणून मी इंटरसेक्स हाच शब्द वापरते. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तकही लिहिलेले आहे. तेव्हा हा काही फक्त परदेशचा विषय नाही.

हे होते कसे, ते मला समजले तसे सांगते. गर्भात पहिले सहासात आठवडे मुलगा आणि मुलगी यांची घडण सारखीच असते. मग वाटा फुटतात. आईबापांकडून आलेली गुणसूत्रे, आतले अवयव, बाहेरचे अवयव आणि शरीरात तयार होणारे रस, ज्यांना हार्मोन म्हणतात, या चार गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत एकाच वाटेने जातात. काहींच्या बाबतीत एखादी गोष्ट निराळ्या वाटेने जाते. एवढेच ते. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, कोणाची दृष्ट लागून होत नाही, मागल्या जन्मीचे पापही नव्हे. बाळंतिणीला यावरून बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, आणि क्रूरपणाही आहे.

अशी मुले किती जन्मतात? संयुक्त राष्ट्रसंघाच्या पत्रकात शंभरात 0.05 ते 1.7 असा आकडा दिलेला आहे. आपल्या हिशोबाने दहा हजारांत पाचापासून एकशे सत्तरांपर्यंत. कोणते प्रकार धरायचे आणि कोणते नाही, यावर आकडा कमीजास्त होतो. जन्मताच डोळ्यांना वेगळेपण दिसेल अशी बाळे साधारण साडेचार हजारांत एक, असे डॉक्टर लोक धरतात. म्हणजे मोठ्या तालुक्यात दरवर्षी एखादे तरी असे बाळ जन्माला येत असणार. मग ती माणसे आपल्याला दिसत का नाहीत? ती आपल्यातच आहेत. त्यांना दडपून ठेवले जाते, म्हणून दिसत नाहीत.

इथे आणखी एक गोष्ट नीट समजून घेऊ या. इंटरसेक्स आणि तृतीयपंथी एकच नव्हेत. तृतीयपंथी ही मनाची ओळख आहे, आणि आपल्याकडे तो एक समाजही आहे. इंटरसेक्स ही शरीराची जन्मजात घडण आहे. काही इंटरसेक्स व्यक्ती त्या समाजात असतील, पण कितीतरी जणी साध्या बायका म्हणून आणि कितीतरी जण साधे पुरुष म्हणून संसार करत असतात. मान दोघांनाही दिला पाहिजे. पण "असे मूल त्या लोकांना देऊन टाकावे" ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. मुलाची जागा आईच्या कुशीत. संसदेने 2019 साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्याच्या व्याख्येत इंटरसेक्स व्यक्तींनाही घेतले आणि केवळ त्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही असे कलम घातले. आपले शरीर निराळे म्हणून आपल्याला सरसकट तृतीयपंथी का म्हणता, आम्हाला वेगळे स्थान द्या, अशी पुष्कळ इंटरसेक्स लोकांची मागणी आहे आणि ती मला रास्त वाटते.

आता मी पाहिलेली एक हकीकत सांगते. गाव आणि नाव सांगणार नाही. ते सांगायचे की नाही, हे त्या मुलाने मोठे झाल्यावर ठरवायचे आहे.

माझ्या नात्यातल्या एका सुनेला बाळ झाले. मी मदतीला तिथे होते. पाहिल्यावर नर्सबाई गप्प झाल्या, डॉक्टर आले, त्यांनी घरच्या पुरुषांना बाहेर नेऊन सांगितले की मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, पण काळजी करू नका, लवकरच एक ऑपरेशन करून मुलगी करून टाकू, कोणाला कळणारही नाही. झाले! घरात दोन तट पडले. एक म्हणे ऑपरेशन उरकून टाका, दुसरा म्हणे मुलगाच करा. बारसे लांबले. शेजारणींना काय सांगायचे याचे खल चालले. बाळाच्या अंगाला तेल लावायला येणाऱ्या बाईला यायला मना केले. आणि या सगळ्या धांदलीत दहाव्याबाराव्या दिवशी बाळ अंगावरचे दूध ओकू लागले. मलूल झाले, वजन वाढण्याऐवजी घटू लागले. कोणी म्हणे दूध पचत नाही, कोणी म्हणे नजर लागली. बाळाच्या आजीने मात्र कोणाचे ऐकले नाही. ती बाळाला घेऊन थेट शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथे रक्त तपासले तेव्हा कळले की बाळाच्या अंगातले मीठ लघवीवाटे निघून चालले आहे. आणखी दोन दिवस गेले असते तर बाळ हाती लागले नसते.

भगिनींनो, मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून निघणारा एक जरुरीचा रस काही बाळांत जन्मतःच नीट तयार होत नाही. त्यामुळे मुलीच्या अंगात पुरुषी रस वाढतो आणि तिचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात, आत मात्र गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असतात. याचा जो कडक प्रकार आहे त्यात अंगात मीठ टिकत नाही, आणि पहिल्या दोनतीन आठवड्यांत बाळ दगावू शकते. मुलग्यांनाही हा आजार होतो, पण त्यांचे अवयव नेहमीसारखेच दिसत असल्याने तो लवकर लक्षात येत नाही. इलाज आहे. रोजच्या गोळ्या, तान्ह्या वयात वेगळे मीठ, आणि ताप आला की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीचे प्रमाण वाढवायचे. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, पण मूल चांगले वाढते. हा दोष आई आणि बाप दोघांकडून थोडा थोडा आलेला असतो, एकट्या आईचा नसतो.

ती मुलगी आज तिसरीत आहे. पाढे तोंडपाठ आहेत, झाडावर चढते. तिच्यावर ऑपरेशन केलेले नाही. तिला कळू लागेल तसतसे थोडे थोडे सांगायचे आणि पुढचे तिने ठरवायचे, असे तिच्या आईबापांनी ठरवले आहे.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की घाई कशात करायची आणि कशात नाही हे तिच्यावरून स्पष्ट होते. रक्ततपासणीची घाई करायची, औषधाची घाई करायची. लघवीचा मार्ग बंद असेल तर तिथे ऑपरेशनचीही घाई करायची, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. पण अवयव आपल्या डोळ्यांना नेहमीसारखे दिसावेत, एवढ्याचसाठी तान्ह्या बाळावर शस्त्र चालवण्याची घाई कशासाठी? नातेवाइकांच्या समाधानासाठी?

लवकर ऑपरेशन करण्याची ही पद्धत फार जुनी नाही. 1950 नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातल्या तज्ज्ञांनी असे मत मांडले, की मूल लहान असताना त्याचे शरीर एका बाजूचे करून द्यावे आणि तसेच वाढवावे, म्हणजे ते तसेच होते. ते मत जगभर पसरले. पण ती मुले मोठी झाली आणि बोलू लागली. कोणाला एकामागून एक ऑपरेशने सोसावी लागली, कोणाच्या नाजूक जागेची संवेदनाच गेली, कोणाचे अवयव काढल्यामुळे मूल होण्याची आशा संपली आणि जन्मभर हार्मोनच्या गोळ्या मागे लागल्या. कोणाला मुलगी केले आणि मनाने तो मुलगा निघाला. 26 ऑक्टोबर 1996 रोजी बोस्टन शहरात बालरोगतज्ज्ञांची परिषद भरली होती, तिच्या दारात अशी काही मोठी झालेली माणसे फलक घेऊन उभी राहिली. तो दिवस आता इंटरसेक्स जागृती दिन म्हणून पाळतात. 2015 साली माल्टा या छोट्या देशाने मुलाच्या संमतीविना अशी ऑपरेशने करण्यास कायद्याने बंदी केली. 2024 च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने इंटरसेक्स व्यक्तींच्या बाजूने पहिला ठराव केला.

आपल्या देशातही एक मोठी गोष्ट घडली आहे. तमिळनाडूत तुतिकोरीनला 2018 साली देवळात एक लग्न लागले. वधू स्त्री म्हणून जन्मलेली नाही या सबबीवर त्याची नोंद करायला अधिकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले. 22 एप्रिल 2019 रोजी न्यायमूर्ती स्वामिनाथन यांनी लग्नाची नोंद करा असा हुकूम दिला. त्याच निकालात ते इंटरसेक्स बाळांविषयीही बोलले. या बाळांवर होणाऱ्या ऑपरेशनांकडे मदुराईचे गोपी शंकर यांनी पूर्वीपासून लक्ष वेधलेले होते. आईबापांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल तेवढे सोडून, तान्ह्या मुलांवरच्या अशा ऑपरेशनांना बंदी करणारा आदेश काढला. भारतात असे करणारे ते पहिले राज्य. 2024 मध्ये हीच मागणी सर्वोच्च न्यायालयातही गेली आणि न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढली. तमिळनाडूतल्या बाळाला जे संरक्षण मिळाले, ते बीडच्या, रत्नागिरीच्या आणि चंद्रपूरच्या बाळालाही का मिळू नये?

आता वयात येणाऱ्या मुलींविषयी. काही मुली दिसायला, वागायला, मनाने पूर्ण मुली असतात, पण पंधरा वर्षे उलटली तरी पाळी येत नाही. तपासल्यावर कळते की गर्भाशय नाही, आणि गुणसूत्रे पुरुषाची आहेत. पण शरीराने पुरुषी रसाची हाक कधी ऐकलेलीच नाही, म्हणून देह मुलीचा घडला. अशी मुलगी म्हणजे खोटी मुलगी नव्हे. पण आपण काय करतो? नवससायास करतो, काढे देतो, आणि कोणाला न सांगता लग्न उरकून टाकतो. मग सासरी तिची फरपट होते. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर मुलीला डॉक्टरकडे न्या, आणि जे निघेल ते तिला तिच्या भाषेत सांगा. लग्न करायचे असेल तर समोरच्याला खरे सांगून, दोघांच्या खुशीने करावे. मूल दत्तकही घेता येते.

सत्य कोणी आणि कसे सांगावे याला किती महत्त्व आहे, ते शांती सौंदरराजन हिच्या कहाणीवरून कळते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यातली ही मुलगी. आईबाप वीटभट्टीवर मजूर. 2006 साली दोहाच्या आशियाई खेळांत 800 मीटर धावण्यात तिने भारताला रौप्यपदक मिळवून दिले. मग तिची लिंगतपासणी झाली आणि पदक काढून घेतले. ही बातमी तिने टीव्हीवरून ऐकली! साऱ्या देशापुढे तिच्या शरीराची चर्चा झाली. तिने जीव देण्याचाही प्रयत्न केला, त्यातून वाचली, पुन्हा वीटभट्टीवर राबली, पुढे शिकून मुलांना धावायला शिकवू लागली. ओडिशाची द्युती चंद 2014 साली अशाच कारणावरून संघातून वगळली गेली. ती मात्र खेळांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढली आणि 2015 साली तिने दाद मिळवली. शर्यतींचे नियम काय असावेत यावर जाणत्यांत अजून वाद आहे. 2025 पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने बायकांच्या गटासाठी जनुकाची तपासणी सुरू केली आहे. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण कोणत्याही मुलीच्या शरीराची गोष्ट आधी तिला एकांतात सांगावी, तिला आधार द्यावा, आणि बाजारात मांडू नये, एवढे समजायला न्यायालयाची गरज नाही.

कोणी म्हणेल, "ऑपरेशन केले नाही तर शाळेत मुले चिडवतील." मला हे पटत नाही. चिडवणाऱ्या मुलांना आपण घरी काय शिकवले? आपल्याच तोंडी जे शब्द असतात तेच मुले शाळेत नेतात. चिडवणे बंद करायचे तर आपली जीभ आवरली पाहिजे, बाळाचे अंग कापून ते होणार नाही. कोणी म्हणेल, "मग त्या मुलाला मुलगा म्हणायचे की मुलगी?" डॉक्टरांशी बोलून जे अधिक जुळते ते मानावे आणि तसे वाढवावे, त्याला शस्त्र लागत नाही. किरण, शशी, शीतल अशी दोघांना शोभणारी नावे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. मोठेपणी मूल म्हणाले की मी तसा नाही, अशी आहे, तर ऐकून घ्यावे.

शाळेत व्याकरणात शिकलेले आठवते का? तो, ती, ते. मूल, बाळ, लेकरू हे सारे शब्द "ते" आहेत. ते बाळ रडते, ते लेकरू हसते. तो किंवा ती ठरण्याआधी मुलाला "ते" म्हणून मायेने कडेवर घ्यायची सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. माळशिरस तालुक्यात वेळापूरला आपण अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडतो. दगडात जे पुजतो, ते पाळण्यात दिसले की तोंड का फिरवावे?

आता मंडळापुढे माझ्या काही सूचना आहेत. बाळंतिणीला भेटायला गेले की पहिला प्रश्न "मुलगा की मुलगी" हा न विचारता "बाळबाळंतीण सुखरूप ना?" हा विचारावा. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या, तेल लावणाऱ्या बायांनी पाहिलेली गोष्ट चार घरी नेऊ नये. वेगळेपण दिसले आणि बाळ ओकत असेल, मलूल असेल, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यावे. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले तर तीन प्रश्न विचारावेत: याच्या जिवाला धोका आहे का? आज केले नाही तर काय होईल? मूल मोठे झाल्यावर त्याच्या संमतीने करता येईल का? उत्तरे लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. ज्या भगिनी शाळेच्या समितीवर आहेत त्यांनी मुलांना कपडे बदलायला आडोसा आणि दाराला कडी असलेली मोरी आहे ना, हे पाहावे. आणि महाराष्ट्र सरकारनेही तमिळनाडूसारखा आदेश काढावा, असे पत्र आपल्या मंडळाने आपल्या आमदारांना पाठवावे, असा ठराव मी मांडते.

बाळ जन्मले की त्याला पहिल्यांदा पाहतो आपण बायकाच. आपण पदर आडवा धरला तर ते मूल वाचते आणि कुजबुज केली तर त्याच्या आईचे आयुष्य नासते. हे आपल्या हाती आहे, म्हणून आपल्याशी बोलले. काही कमीजास्त बोलले असेन तर सांभाळून घ्यावे. ठरावाला अनुमोदन कोण देते ते अध्यक्षीणबाईंनी विचारावे, अशी विनंती करून मी खाली बसते.